एस्कूल

जिल्ह्याचं नाव खाएन.
आईला फोनवर वाटलं, मी म्हणतेय खाईन.
"काय खाशील? तिथे मिळतं काय?"
ऑलिव्ह, मी म्हटलं.
खिडकीतून दुसरं काही दिसतच नव्हतं.

आठवड्याचे बारा तास. हुद्दा : संभाषण सहाय्यक.
शिकवायचं नाही, गुण द्यायचे नाहीत, रागवायचं नाही.
फळ्याच्या कडेला उभं राहायचं
आणि नीव्हेस बाईंनी मान हलवली की
एक शब्द स्वच्छ बोलून दाखवायचा,
दुकानदार ताग्यातलं वारभर कापड
उलगडून दाखवतो तसा.

पोरं शब्दाच्या पुढे ए लावतात :
एस्कूल, एस्ट्रीट, एस्पून.
आणि आपल्या भाषेत शेवटचा स गिळून टाकतात,
खाएनच ते, काहीतरी खाणारच.
त्यांच्या देशाच्या नावातच पहिला ए आहे,
तो कुठे पुसणार?
मला मानधन मात्र ए पुसण्याचंच.
मानधन म्हणजे, ऑक्टोबरचं जानेवारीत आलं.
घरमालकीण कासिल्दा भाड्याचं नाव काढेना,
उलट पाण्याच्या पाच लिटरच्या बाटलीत
घरचं तेल दाराशी आणून ठेवी
आणि जिन्यात उभी राहून पाऊण तास बोले.
मला कळायचं त्यातलं निम्मं.
उरलेल्या निम्म्याला मी मान डोलवायचे.

माझं नाव मंजिरी. ज चा इथे ख होतो.
मी मांखीरी झाले, ते बरंच झालं,
मांखीरीचं मागचं कुणाला काही माहीत नव्हतं.

एलादियो, दुसऱ्या बाकावरचा,
डिसेंबरात सोमवारी तळहाताला फोड घेऊन येतो,
शनिवार-रविवार काठीने झाडं झोडपलेली.
"एस्कूल इज एस्मॉल," म्हणतो.
मी म्हणते, साप आठव. स्स्स. स्कूल.
तो म्हणतो, स्स्सेस्कूल.

गॅरेजात बाबा गाडीखालून हात बाहेर काढायचे :
"इस्पॅनर दे गं. इष्टार्टर गेलाय हिचा."
तेरा वर्षांची मी, नव्या शाळेचा टाय लावून,
गिऱ्हाइकासमोर, मानेला झटका देऊन :
"इस्पॅनर नाही, बाबा. स्पॅनर."
त्यांनी हात शर्टाला पुसले.
पुढे कित्येक दिवस नुसतं बोट दाखवायचे.
तो. चौदाचा. नाही, त्याच्या शेजारचा.

फेब्रुवारीत धडा आला, माय फॅमिली.
नीव्हेस बाई म्हणाल्या, चित्रं कशाला,
खरे बाबाच दाखवूया.
पडद्यावर बाबा. इस्त्रीचा शर्ट, ओले केस,
कॅमेऱ्याच्या फार जवळ.
"हॅलो चिल्ड्रन. हाऊ इज युवर इस्कूल?"

वर्ग गप्प.
मग एलादियो बाकावर चढून ओरडला,
"मांखीरी! तुझे बाबा खाएनचे!"
हशा खिडक्यांपर्यंत गेला. बाबाही हसले,
का ते न कळता.
मग तो खाली उतरला, पडद्याजवळ गेला,
आणि हुबेहूब माझ्या आवाजात,
माझ्याच मानेच्या झटक्यासकट म्हणाला :
"नो, सेन्योर. स्स्स. स्कूल."

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला तो जमला होता.

बाबांनी हात शर्टाला पुसले.
हाताला काहीच लागलेलं नव्हतं.
"स्," म्हणाले. थांबले. "स्कूल."
टाळ्या. नीव्हेस बाईंच्याही.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले,
घंटेला अजून सात मिनिटं होती.

रविवारी फोन.
कासिल्दाचं तेल बाटलीत थिजलेलं,
आपलं खोबरेल थिजतं तसं पांढुरकं.
"आज इस्कूल बंद ना गं?"
"हो बाबा. एस्कूल बंद."
"ए? हे कुठलं नवीन?"
"इकडचं."
"बरं," म्हणाले,
आणि तिकडे कुणावर तरी ओरडले,
चौदाचा इस्पॅनर जागेवर का नाही म्हणून.